शेवटच्या वैशाखातलं लोणचं

कैऱ्या धुऊन, पुसून, जुन्या लुगड्यावर मांडून झाल्या आहेत. आज सकाळीच ठाण्याच्या बाजारातून आणल्या. राजापुरी, मुठीत न मावणाऱ्या, देठाशी चीक अजून ओला. अडकित्ता घासून ठेवलाय, मीठ उन्हात तापतंय, बरणीला हिंगाची धुरी देऊन झाली आहे. आता खरं तर फोडी करायला बसायचं. मी बसलेय खरी, पण भिंतीला टेकून, पाय पसरून, हातात चहाची बशी घेऊन.

"आगं करुणा, कैऱ्या काय आपल्या आपन चिरायच्यात व्हय?" आतून सासूबाईंनी विचारलं. त्या नगरकडच्या. इतकी वर्षं कल्याण आणि ठाण्यात काढली, पण त्यांची बोली तसूभर हललेली नाही.

"चिरते हो. जरा थांबते."

"दर वरसाला थांबती. कुनी येनार हाय का?"

कुणी येणार नाहीये. ते त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. पण वैशाखातल्या या दिवशी, कैरीच्या चिकाचा वास नाकात गेला, की मी ठाण्यात राहत नाही. मी कल्याणच्या चाळीतल्या आमच्या खोलीसमोर, व्हरांड्यात जाऊन बसते. तो वैशाख शेवटचा होता. म्हणजे ठरलेलाच होता तसा.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. रेल्वेच्या नोकरीपायी नगरकडून आलेली आम्ही सात-आठ ख्रिस्ती घरं त्या चाळीत होतो. बाकी खोल्यांत कुणी कोकणातले, कुणी देशावरचे, सगळे आपापला देव आणि आपापली चूल सांभाळून. रविवारची उपासना चर्चमध्ये व्हायची. पण आमची खरी रंगत बुधवारी संध्याकाळी, शांतवनभाऊंच्या खोलीत.

शांतवनभाऊ वर्कशॉपात रंगारी होते. मालगाडीच्या डब्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे आणि अक्षरं काढायची हे त्यांचं काम. हात असा सुबक, की त्यांनी रंगवलेला डबा यार्डात लांबून ओळखू यायचा. याच हातानं त्यांनी एका जाड चादरीवर जगाचा इतिहास रंगवला होता. डावीकडे उत्पत्ती, उजवीकडे शेवट. मध्ये चार श्वापदं, सात कर्णे, शिंगं, मुकुट, पडणारे तारे. श्वापदांचा लाल रंग डोळ्यांत भरायचा, कारण तो डब्यांना द्यायचा तोच, रंगाच्या डब्याच्या तळाला राहिलेला. आमचे हे मालधक्क्यावर कारकून. ते म्हणायचे, "तुमचं ते चौथं श्वापद रोज माझ्यासमोरून भुसावळला जातं."

लढाईच्या काळात त्या चौथ्या श्वापदाला आखूड मिशी होती. लढाई संपली आणि ज्याची ती मिशी होती तो गेला. मग शांतवनभाऊंनी मिशी जाड करून दोन्ही बाजूंनी खाली वळवली, म्हणजे तो दुसऱ्या देशाचा झाला. आम्ही सगळे हसलो होतो, तेही हसले होते. खोटारडा माणूस नव्हता तो. कुणाकडून पै घेतली नाही, कुणाला धाक घातला नाही. त्यांना मनापासून वाटायचं, की पवित्र शास्त्रातली भाकितं म्हणजे वेळापत्रक आहे आणि नीट वाचलं तर गाडी कधी येणार ते कळतं. त्यात यहुद्यांचं राज्य पुन्हा उभं राहिल्याची बातमी आली. त्या बुधवारी शांतवनभाऊ चादरीसमोर नुसते उभे राहिले. डोळ्यांत पाणी. आमच्याही.

मला खोटं सांगायचं नाही, फार सुखाचे दिवस होते ते. बाहेर रेशनच्या रांगा, लाल गहू, घासलेटची मारामार. आणि आम्हाला वाटायचं, आता थोडेच दिवस! भांडण झालं तर "जाऊ दे, आता थोडेच दिवस." लुगडं फाटलं तर "शिवून घेऊ, थोडेच दिवस." एस्तेर तर फोडणी करपली तरी तेच म्हणायची.

एस्तेर म्हणजे शांतवनभाऊंची बायको. आणि माझी मैत्रीण. आता मैत्रीण हा शब्द कुणीही कुणालाही लावतं, पण आमचं तसं नव्हतं. सकाळी नळावर पहिली हाक तिची, दुपारी निवडायचे तांदूळ घेऊन ती माझ्याकडे नाहीतर मी तिच्याकडे. ती बुटकी, गोरी, बोलायला फटकळ, हसायला लागली की पदर तोंडात कोंबायची. बुधवारी प्रार्थनेत शांतवनभाऊ डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करायचे, तेव्हा ही एक डोळा उघडून माझ्याकडे बघायची. मग मला माझे दोन्ही मिटून ठेवावे लागायचे, नाहीतर हसू फुटायचं.

आणि तिचा हात लोणच्याचा होता.

हे जरा समजावून सांगायला हवं. आम्ही ख्रिस्ती झालेल्यांची नातवंडं. विटाळ मानत नाही, दृष्ट काढत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध देतो. पण लोणच्याचा हात असतो, हे मात्र आमच्यातलं कुणीही, अगदी पाळकबाईसुद्धा, नाकारत नाही. काही बायकांच्या हातचं लोणचं दोन वर्षं टिकतं. काहींनी नुसतं बरणीचं तोंड उघडलं तरी बुरशी येते. मी या दुसऱ्या प्रकारातली. लग्न होऊन आले त्या वर्षी मी लोणचं घातलं आणि ते महिन्याच्या आत सासऱ्यांच्या देखत फसफसलं. तेव्हापासून आमच्या घरचं लोणचं एस्तेर कालवायची. मी कैऱ्या पुसायच्या, मोहरी कुटायची, मेथी तळायची आणि लांब बसायचं. बरणीत हात घालायचा तो तिनंच. ती दंडापर्यंत हात बुडवून कालवायची आणि म्हणायची, "बघून घे गं, एक दिवस मी नसले तर?"

"तू नसशील तेव्हा मीही नसेन. दोघी वर असू."

"वर लोणचं असतं का गं?"

यावर आमची खरोखर चर्चा झालेली आहे.

तर त्या वर्षी चैत्रात शांतवनभाऊंचं गणित जुळलं. त्यांनी चादरीच्या उजव्या टोकाला सोनेरी रंगानं एक दार काढलं आणि सांगितलं, की पाऊस पडायच्या आत प्रभू येणार. हा वैशाख शेवटचा. बाहेर कुणीतरी बादली आपटली ती सगळ्यांच्या छातीत वाजली. मग ते हळूच म्हणाले, "भगिनींनो, यंदा बेगमी करू नका. पापड नको, कुरडया नको, लोणचं नको. वर्षाची साठवण घरात ठेवायची आणि प्रभू लवकर ये म्हणायचं, हे दोन्ही एका तोंडानं कसं म्हणता येईल?"

वरवर छोटी गोष्ट. पण वैशाखात लोणचं न घालणं म्हणजे काय, हे बाईलाच कळेल. चाळीच्या गच्चीवर सगळ्यांचे पापड वाळत होते, कुरडयांच्या वाफा जिन्यापर्यंत येत होत्या, आणि आमच्या सात-आठ घरांची गच्चीवरची जागा रिकामी. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय गं, गावाला जाणार का तुम्ही सगळे?" एस्तेर म्हणायची, "हो." आणि ते खोटंही नव्हतं.

आंबिवलीहून कैऱ्यांची पाटी घेऊन येणारी एक आगरी बाई होती. दर वर्षी आमच्या चाळीत पाटी रिकामी करून जायची. त्या वर्षी ती व्हरांड्यात टेकली, पदरानं वारा घेत म्हणाली, "काय गो बाय, यंदा तुमचे लोकांनी कैऱ्या सोरल्या काय? कनी मेलाय का?"

"कुणी मेलं नाही. आमचा देव यायचाय," मी म्हणाले.

"मंग बरा हाय की. पावना यनार तं जास्ती घ्याला नको?"

मी हसले. ती पाटी उचलून पुढे गेली. पण चिकाचा वास मागे राहिला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. तिथंच माझी श्रद्धा पहिल्यांदा हलली म्हटलं तर लोक हसतील. पण मोठाल्या गोष्टी मोठाल्या कारणांनी हलतात असं थोडंच आहे? त्या वासानं मला एकदम उमजलं, की मला पुढचं वर्ष हवं आहे. नुसतं चालेल असं नव्हे, हवंच आहे. गरम भात, वर तूप, कडेला मुरलेली फोड आणि बाहेर पाऊस.

त्यानंतर मी पवित्र शास्त्र पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी चादर डोळ्यांसमोर न आणता. दुपारी सासूबाई लवंडल्या की मी वाचत बसायची. आणि मला एक ठिकाण सापडलं, म्हणजे सापडलं कसलं, लहानपणापासून पाठच होतं, की त्या दिवसाची वेळ कुणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांनासुद्धा नाही. मला वाटलं, दूतांना नाही ते रेल्वे वर्कशॉपातल्या शांतवनभाऊंना कसं ठाऊक? येणार यावर माझा विश्वास तसाच होता, आजही आहे. पण कधी, हा प्रश्न माझ्या मनातून ओघळून गेला. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! परीक्षेचा पेपर पुढे ढकलल्यावर वाटतं तसं.

पुढच्या बुधवारी मी विचारलं. बायकांनी बैठकीत प्रश्न विचारायची पद्धत होती आमच्यात, पण उत्तर ठाऊक असलेलेच विचारायची. शांतवनभाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "करुणाबाई, दिवस आणि घटका ठाऊक नाही असं लिहिलंय. वर्ष ठाऊक नाही असं कुठं लिहिलंय?"

लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती, पण माझी जीभ माझ्या ताब्यात कधी नव्हती. "मग भाऊ, मी लोणचं घालते," मी म्हणाले. "आले प्रभू तर बरणी तशीच राहील. नाही आले तर खाऊ."

कुणी हसलं नाही. मी एस्तेरकडे बघितलं. तिचे दोन्ही डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मी कैऱ्या घेतल्या. चोरून नाही घेतल्या. चोरून घातलेलं लोणचं मला पचलं नसतं. व्हरांड्यात बसून फोडी केल्या, मीठ-हळद लावून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कापडावर पसरल्या. पिवळ्याजर्द फोडी उन्हात चमकत होत्या आणि आमची मंडळी समोरून जाताना मान वळवत होती. सासूबाईंना प्रभूच्या येण्याबद्दल कधीच शंका नव्हती आणि जेवणाच्या वेळेबद्दलही नव्हती. त्या फोडी राखत बसल्या होत्या. एक भाऊ जरा थबकले तर त्यांनाच म्हणाल्या, "देव यिऊ दे की. त्याला काय आमी नुसती भाकर वाढावी?"

दुपारी एस्तेर आली. उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही.

"काढून घे त्या फोडी," ती म्हणाली.

"का गं?"

"सगळे म्हणतायत, तू आमच्यातून गेलीस."

"मी कुठं जातेय? इथं व्हरांड्यात बसलेय. तू ये ना. कालवायला तर तूच हवीस."

तिनं फोडींकडे बघितलं. एक फोड तिनं नकळत उलटी केली, उन्हाची बाजू बदलली. मग हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. "मी हात लावला तर त्यांच्या शब्दाला काय किंमत राहील?" असं म्हणून ती गेली. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिचं खरंच होतं. नवऱ्यानं चादरीवर सोन्याचं दार काढायचं आणि बायकोनं वर्षाचं लोणचं घालायचं, असं कसं जमणार?

म्हणून मीच कालवलं. माझ्या त्या कुप्रसिद्ध हातानं. तेल घातलं, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला, बरणी कोनाड्यात ठेवली. आणि मग माझ्या लक्षात आलं, की आपण काय करून बसलो आहोत. माझा हात चाळीला ठाऊक होता. बुधवारच्या बैठकीत म्हणे कुणीतरी बोललंच, "बघू या, करुणाबाईंचं लोणचं टिकतं का." म्हणजे झालं! एवढा वाद, एवढी भाकितं, आणि सगळा निवाडा माझ्या बरणीवर येऊन टेकला. लोणचं टिकलं तर माझं खरं, नासलं तर शांतवनभाऊंचं.

मैत्री तुटते तेव्हा काही काडकन आवाज होत नाही. आमच्यात एकमेकांना भेटलं की 'सलाम' म्हणतात. पूर्वी त्या सलामनंतर अर्धा तास जायचा. मग नुसता सलाम राहिला. मग नुसती मान. बुधवारी संध्याकाळी शांतवनभाऊंच्या खोलीतून गाण्याचा आवाज यायचा, आणि मी भाकऱ्या थापता थापता इकडून मूळ चालीच्या जोडीचा दुसरा सूर धरायची, कारण तो सूर माझा होता आणि माझ्यावाचून गाणं लंगडत होतं. एकदा माझा आवाज जरा चढला. तिकडचं गाणं क्षणभर अडखळलं आणि मग त्यांनी ते कडवं सोडून पुढचं घेतलं. त्या दिवशी मात्र मी रडले. तवा चढलेला होता, म्हणून धुराच्या नावावर खपलं.

पाऊस आला. वेळेवर आला, आणि त्याच्या आधी कुणी आलं नाही. मला वाटलं होतं, आता सगळे हसतील, चादर गुंडाळून ठेवतील आणि एस्तेर सकाळी नळावर हाक मारेल. तसं झालं नाही. शांतवनभाऊ आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग त्यांना गणितातली चूक सापडली आणि ते सोनेरी दार चार बोटं उजवीकडे सरकलं. चादरीला तेवढी जागा होती. मंडळी पुन्हा बसली. आणि गंमत अशी, की खोटं ठरलेलं भाकीत त्यांनी शांतवनभाऊंना माफ केलं, पण खरी ठरलेली मी काही माफ झाले नाही. आता एवढ्या वर्षांनी मला त्यात काही नवल वाटत नाही. चुकलेल्या माणसाबरोबर बसता येतं. "मी सांगत नव्हते का?" म्हणणाऱ्या बाईबरोबर कोण बसेल? मी तसं म्हटलं नव्हतं, पण माझ्या कोनाड्यातली बरणी म्हणत होती.

पुढे ती घरंही पांगली. शांतवनभाऊंची बदली हिवाळ्यात भुसावळला झाली. आमच्या ह्यांनाही मग ठाण्याला जागा मिळाली. इथं शेजार चांगला आहे, चर्च जवळ आहे, मला दुसऱ्या सुरात गाऊ देतात. इथल्या मैत्रिणींशी भाजीच्या भावापासून सुनांपर्यंत सगळं बोलणं होतं. पण जिच्याबरोबर बसून आपण जग संपायची वाट बघितलेली असते, तिची जागा भाजीच्या गप्पांनी भरत नाही. मला एस्तेरची आठवण येते. सरळच सांगते, फार येते.

चहा निवला. सासूबाई बाहेर येऊन कैऱ्यांपाशी टेकल्या आहेत आणि एकेक कैरी उगाच पुन्हा पुसताहेत. त्यांनाही ठाऊक आहे मी कुठं जाऊन बसलेय ते. कारण त्या दुपारी त्या तिथं होत्या. होत्या कसल्या, त्यांनीच ती घडवली.

श्रावण होता. ऊन-पावसाचा खेळ चाललेला. मी दादरा सोडला आणि बरणीत डोकावले. वर पांढरी, मऊ बुरशी. मी बरणी तशीच झाकून बसले. मनात येईल ते येऊ लागलं. संध्याकाळी खाडीत नेऊन ओतू का? रिकामी बरणी कोनाड्यात ठेवून वर्षभर लोणचं संपवल्याचं नाटक करू का? तेवढ्यात सासूबाई आल्या, झाकण उचललं, वाकून बघितलं आणि मी काही म्हणायच्या आत व्हरांड्यात जाऊन, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "ए एस्तेर! ये गं लवकर! हिच्या लोनच्याला बुरशी आली!"

त्या क्षणी जगाचा अंत झाला असता तर माझी काही हरकत नव्हती.

खालच्या मजल्यावर कुणाचं तरी धुणं आपटायचं थांबलं. दोन दारं उघडली. समोरच्या बाजूला शांतवनभाऊंची खोली. आत ते रात्रपाळी करून झोपलेले असणार किंवा जागे. मी डोळे मिटले. आता सगळे म्हणणार, बघा, निवाडा झाला. पुढच्या बुधवारी यावर वचन काढणार.

डोळे उघडले तर एस्तेर व्हरांडा ओलांडून येत होती. पदर खोचलेला, आणि चालता चालता कोरड्या फडक्यानं हात पुसत होती, दंडापर्यंत.

उंबऱ्याशी ती थांबली नाही. सरळ आत आली, बरणीपाशी बसली, आणि वास घेतला. "आत उतरली नाहीये," ती म्हणाली. "वरवरची आहे. मीठ कमी घातलंस?"

"तेवढंच घातलं, तू घालायचीस तेवढं."

"तेल?"

"तेल महाग आहे गं."

"मग! फोडी उघड्या पडल्या तर दुसरं काय होणार? चूल पेटव. मीठ भाज. आणि घरात असेल नसेल तेवढं तेल आण."

मी धावले. सासूबाई खाटेवर बसून तमाशा बघितल्यासारखं बघत होत्या. एस्तेरनं वरचा थर अलगद काढला, कोरड्या फडक्यानं बरणीचा गळा आतून पुसला, पुन्हा पुसला. फोडींवर भाजलेलं मीठ पेरलं. तेल कडकडीत तापवून निववायला ठेवलं, आणि ते निवेपर्यंत आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो. तीन महिन्यांचं बोलणं साठलेलं, सुरुवात कुठून करायची? एकदा तिनं एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघितलं. माझं हसू फुटलं. मग तिचंही. तिनं पदर तोंडात कोंबला आणि दोघी अशा हसलो, की सासूबाईंनी विचारलं, "येड लागलं का काय?"

तेल निवलं. तिनं ते बरणीत ओतलं, फोडी बुडून वर बोटभर तेल राहीपर्यंत. कोपरापर्यंत हात घालून, खालून वर, सावकाश कालवलं. मग नवा दादरा घेतला, तिची ती दुहेरी गाठ मारली आणि बरणीच्या पोटावर थाप मारली.

"झालं," ती म्हणाली. "आता पुढच्या वैशाखापर्यंत बघायला नको."

पुढचा वैशाख! तिनं स्वतःचे शब्द स्वतःच ऐकले. माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर काय काय आलं ते मीच जाणते, पण मी एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यात एवढी एकच वेळ असेल.

बोलल्या त्या सासूबाई. "आन पुढच्या वैशाखाला कैऱ्या कोन चिरनार? ही? परत बुरशी?"

एस्तेर उठली. हात पुसले. दाराशी जाऊन समोरच्या आपल्या खोलीकडे बघितलं. तिथं दार आता उघडं होतं आणि शांतवनभाऊ खुर्चीत बसून काहीतरी वाचल्यासारखं करत होते. ती त्यांच्याकडे बघत मला म्हणाली, "मीच येईन की. प्रभू नाही आला तर." मग वळून, पूर्वीसारखा, "सलाम गं" म्हणाली आणि गेली. त्या चाळीत ती माझ्या खोलीत पुन्हा आली नाही. हिवाळ्यात त्यांचं सामान भुसावळच्या गाडीत चढलं.

लोणचं मात्र वैशाख उलटून गेला तरी टिकलं.

"चिरायला घे आता," सासूबाई म्हणताहेत. घेते. फोडी करीन, मीठ-हळद लावीन, तेल बोटभर वर येईल इतकं ओतीन. एवढं आता माझ्या हाताला येतं. पण दर वर्षी कैऱ्या पुसून झाल्या की मी लगेच चिरायला घेत नाही. आधी चहा टाकते. दोन कप टाकते. दार उघडं ठेवते, आणि जरा वाट बघते.